फोटो झाला, माप राहिले

१९९५चा अपंग व्यक्ती कायदा ७ फेब्रुवारी १९९६ रोजी अमलात आला. त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतील ही गोष्ट. मी तेव्हा अवधमधील एका जिल्ह्यात मुख्य विकास अधिकारी होतो. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी असतो, त्याच्या जवळपास जाणारे हे पद. नव्या कायद्याची जाग म्हणून आम्ही तीनचाकी सायकली वाटण्याचे शिबिर भरवले. शिबिर सकाळी अकराचे होते. प्रमुख पाहुणे साडेतीनला आले. तोवर सव्वाशे माणसे मंडपात बसून होती. त्यांतील अनेकांना लघवीला जाण्यासाठीही कोणी तरी उचलून न्यावे लागे आणि मैदानावर त्याची काहीच सोय नव्हती. हारतुरे, चहा, ध्वनिक्षेपक या सर्वांची यादी मी स्वतः तपासली होती. ही बाब त्या यादीत कोठेच नव्हती.

पाहुण्यांनी एकेका सायकलीच्या दांड्याला हात लावला, छायाचित्रे निघाली, पाहुणे गेले. निघताना चाळिशीच्या एका माणसाने मला थांबवले. दोन्ही पाय पोलिओने गेलेले, बाजारात सायकलींचे पंक्चर काढण्याचे दुकान. तो म्हणाला, ‘साहब, फोटो तो हो गया। नाप कब होगा?’ त्याचा उजवा हात कमजोर होता आणि मिळालेल्या सायकलीचा हाताने फिरवायचा दांडा उजवीकडेच होता. मी संबंधित अधिकाऱ्याला बोलावले. त्याने नोंदवही दाखवली. सही झाली होती, वस्तू दिली गेली होती, आता बदल शक्य नव्हता. मी मान डोलावली आणि गाडीत बसलो.

महिन्याभराने दौऱ्यावर असताना त्याच्या दुकानापुढे आमच्याच शिबिरातील तीन सायकली उभ्या दिसल्या. स्वतःच्या सायकलीचा दांडा त्याने डावीकडे बसवून घेतला होता आणि आता इतरांच्या सायकली त्यांच्या-त्यांच्या मापाच्या करून देत होता. एकाची बैठक खाली घेतली होती, दुसऱ्याचा पायठेवा वर. प्रत्येकी पंधरा रुपये घेई. जिल्ह्यात तीनचाकी सायकलीविषयी सर्वांत अधिक समजणारा माणूस आमच्या शिबिरात चार तास लाभार्थी म्हणून बसून होता आणि त्याला एक प्रश्न विचारावा असे आम्हा कोणालाच वाटले नव्हते.

निवृत्तीनंतर मी लखनऊमध्ये राहतो. हे शहर स्वतःच्या अदबीविषयी फार बोलते. ‘पहले आप’ची चेष्टा देशभर होते, पण येथील माणसाला मनातून तिचा अभिमानच असतो. आसफउद्दौलाने १७८४च्या दुष्काळात बडा इमामबाडा बांधायला काढला, तो लोकांना काम मिळावे म्हणून, हे येथे लहान मुलालाही ठाऊक असते. त्याला जोडून एक आख्यायिका सांगतात. शहरातील खानदानी माणसेही उपाशी होती, पण मजुरी करताना दिसणे त्यांना लाजिरवाणे वाटे. म्हणून त्यांना रात्री, अंधारात कामावर बोलावत. दिवसा बांधलेले ते रात्री पाडत, आणि मजुरी घेताना त्यांचे चेहरे कोणी पाहत नसे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला सांगितले पाहिजे की ही दंतकथा आहे. परंतु शहर स्वतःविषयी कोणती दंतकथा जपते, यालाही अर्थ असतो. देणाऱ्याने घेणाऱ्याचा चेहरा उघडा पाडू नये, ही या शहराची शिष्टाचाराची कल्पना होती.

आमच्या शिबिरांनी ती नेमकी उलटी केली. चेहरा हवाच, तोही छायाचित्रात, आणि शक्य तर हात जोडलेला. हे एका पक्षाचे वा एका काळाचे नाही; मी चार वेगवेगळ्या सरकारांच्या काळात अशा मंडपांत उभा राहिलो आहे. २९ फेब्रुवारी २०२० रोजी प्रयागराजला २६ हजारांहून अधिक अपंग व ज्येष्ठ नागरिकांना साधने वाटली गेली, तेव्हा तीनचाकी सायकलींच्या संचलनाचा विश्वविक्रमही नोंदवण्यात आला. साधने उपयोगाची असतात, त्यांविना अनेकांचे जगणे घरापुरते उरते, आणि कानपूरचे भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम १९७०च्या दशकापासून ती बनवत आले आहे. ती वाटण्याला आक्षेप असण्याचे कारण नाही. विक्रम कोणाच्या नावावर लागला, एवढाच माझा प्रश्न आहे.

उत्तर भारतात दृष्टिहीन माणसाला हाक मारण्याची एक सभ्य रीत आहे. तो हिंदू असेल तर ‘सूरदास’, मुसलमान असेल तर ‘हाफिजजी’. शिवी तर नव्हेच, उलट एक थोर कवी, आणि दुसरीकडे कुराण मुखोद्गत असलेला विद्वान. पण या आदरात त्या माणसाचे नाव हरवते. मग तो गणित शिकवो की तबला वाजवो, रस्त्यावर तो सूरदासच. प्रेमचंदांच्या ‘रंगभूमी’चा नायक असाच एक सूरदास आहे. १९२०च्या दशकाच्या मध्यास ही कादंबरी लखनऊच्याच गंगा पुस्तकमालेने प्रसिद्ध केली. आंधळ्या माणसाला आपल्याकडे नाव आणि व्यवसाय दोन्ही आयते मिळतात, ही गोष्ट प्रेमचंदांनी आरंभीच हेरली आहे. मात्र पुढे त्यांचा सूरदास आपली जमीन सिगारेटच्या कारखान्याला विकायला नकार देतो, आणि कथानकाचे सारे बळ त्या नकारात आहे. भीक मागणाऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो, हे शंभर वर्षांपूर्वी एका कादंबरीकाराला दिसले. नोंदवहीत सही घेऊन विषय मिटवणाऱ्या आम्हा अधिकाऱ्यांना ते दिसायला बराच काळ गेला.

नावांचा मोह सरकारलाही असतो. उत्तर प्रदेशात अंध मुलांच्या शासकीय शाळा ‘स्पर्श’ नावाने, बधिर मुलांच्या ‘संकेत’ नावाने, शारीरिक अपंगत्व असलेल्यांच्या ‘प्रयास’ आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या ‘ममता’ नावाने ओळखल्या जातात. पहिल्या दोन नावांत शिकण्याची पद्धत आहे. तिसऱ्यात मुलाने करावयाचे कष्ट आहेत. चौथ्यात मुलाने करावे असे काहीच उरलेले नाही. जे आहे ते आमच्या मनातले. पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५मध्ये ‘दिव्यांग’ शब्द सुचवला आणि वर्षभरात तो पाट्यांवर आला. महाराष्ट्रातही तो रुळला आहे. अपंगत्व हक्क चळवळीतील अनेकांना तो मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीनेही २०१९मध्ये भारताविषयीच्या निरीक्षणांत तो वादग्रस्त असल्याचे नोंदवले. माझ्या परिचयातील काहींना तो आवडतो, काहींना त्याचा संताप येतो. मी ज्याच्याशी बोलतो त्याला कोणता शब्द चालतो ते विचारतो आणि तो वापरतो. या लेखात ‘अपंग’ वापरतो आहे, कारण त्यात कोणतीही दिव्यता गृहीत धरलेली नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. सेवेच्या अखेरच्या वर्षांत मी लखनऊमध्ये सचिवालयातील एका विभागाचा प्रमुख होतो. तेथे एक दृष्टिहीन तरुण समीक्षा अधिकारी म्हणून रुजू झाला. मंत्रालयातील सहायक कक्ष अधिकाऱ्याच्या तोडीचे हे पद. स्पर्धा परीक्षेतून आलेला, इतिहासात एम.ए., माझ्याच विषयाचा. पहिल्याच दिवशी मी सर्वांना बोलावून सांगितले, याला त्रास होता कामा नये. ती आज्ञा तंतोतंत पाळली गेली. त्याला खिडकीजवळची जागा मिळाली, दुपारी लवकर घरी जाण्याची मुभा मिळाली, येता-जाता कोणी ना कोणी त्याचा दंड धरून त्याला चालवू लागले. फाइल मात्र एकही मिळाली नाही. दोन वर्षे मी त्याच्या गोपनीय अहवालात ‘उत्तम’ लिहीत राहिलो. त्यामागे माझा हेतू चांगला होता, असे मी आजही म्हणू शकतो; त्याने काही बदलत नाही.

पदोन्नतीसाठी त्याचे नाव आले तेव्हा समितीतील एकाने साधा प्रश्न केला. याने कोणते काम केले? अहवालात शेरा होता, कामाचा रकाना कोरा होता. नाव मागे राहिले. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दालनात आला. अतिशय सौम्यपणे, अस्सल लखनवी अदबीने म्हणाला, ‘सर, आपने मुझे तकलीफ से बचाया। काम से भी बचा दिया।’

मला प्रथम राग आला, उपकार न ओळखणाऱ्या माणसाचा येतो तसा. मी विचारले, मग तुम्हाला हवे तरी काय? हा प्रश्न मी दोन वर्षांनी आणि तोही चिडून विचारत होतो. त्याचे उत्तर तयार होते. संगणकावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली त्याच्याकडे होती, एनव्हीडीए नावाची, फुकट मिळणारी. ती हिंदी वाचते, मराठीही वाचते. पण आमच्या कार्यालयात सारा पत्रव्यवहार ‘कृतिदेव’मध्ये टंकलिखित होई. ज्यांनी महाराष्ट्रातील कार्यालयांत जुन्या ‘शिवाजी’ किंवा ‘श्रीलिपी’ अक्षरवळणांतील कागद पाहिले आहेत, त्यांना ही अडचण कळेल. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग असते. वाचक प्रणाली ती रांगच वाचते. तोच मजकूर युनिकोडमध्ये असता तर त्याने पहिल्या दिवसापासून फाइली काढल्या असत्या. दोन वर्षे मी ज्याला त्याच्या डोळ्यांचा दोष समजत होतो, तो आमच्या फॉन्टचा होता.

मी आदेश काढला. टंकलेखकांनी तीन महिने कुरकुर केली. बोटांना जुन्या कळपाटाची सवय होती आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. जुन्या, हाताने लिहिलेल्या टिपण्यांचा प्रश्न युनिकोडने सुटणार नव्हता, त्यासाठी एका सहायकाने रोज अर्धा तास वाचून दाखवावे असे ठरले. त्याची दुसरी मागणी ऐकून मी ओशाळलो: लोकांनी माझा दंड धरू नये, मला तुमचे कोपर धरू द्यावे. धरून नेलेला माणूस ढकलला जातो, कोपर धरून चालणाऱ्याला पुढच्याच्या शरीरावरून पायरी, वळण, थांबा सारे कळते. दोन्हींत दोन माणसे शेजारीशेजारीच चालत असतात. चालण्याचा ताबा कोणाकडे आहे, एवढाच फरक. त्या वर्षी विभागातील न्यायालयीन प्रकरणांच्या तुंबलेल्या फाइलींचा मोठा हिस्सा त्याने निकाली काढला, कारण मजकूर कान देऊन ऐकणारा माणूस तो चाळत नाही. गेलेले वर्ष मात्र मी त्याला परत करू शकलो नाही. त्याच्यामागून आलेले दोघे आजही ज्येष्ठता यादीत त्याच्या वर आहेत.

कायद्याच्या भाषेत त्याने जे मागितले त्याला ‘वाजवी समायोजन’ म्हणतात. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारनाम्याला १ ऑक्टोबर २००७ रोजी संमती दिली, आणि त्याला अनुसरून झालेला २०१६चा कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. आम्लहल्ल्याने जखमी झालेल्यांचाही समावेश झाला. २०११च्या जनगणनेने देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती मोजल्या, पैकी ४१ लाखांहून अधिक उत्तर प्रदेशात आणि सुमारे ३० लाख महाराष्ट्रात. ती मोजणी जुन्या, तोकड्या प्रकारांवर झाली होती आणि आपले धोरण अजून त्याच आकड्यांवर चालते. पण माझ्या मते त्या कायद्याचा गाभा यादीत नाही, समायोजनाच्या कल्पनेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात हे स्पष्ट केले. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता, कारण त्याचे अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या चौकटीत बसत नव्हते. न्यायालय म्हणाले की टक्केवारी आरक्षणासाठी आहे. समायोजन माणसाच्या गरजेवरून ठरते, आणि ते ठरवताना त्या माणसाशी बोलावे लागते. प्रमाणपत्राच्या टक्क्याखेरीज दुसरे काही पाहायची सवय नसलेल्या आमच्या प्रशासनाला हा निकाल अजून पचलेला नाही.

८ नोव्हेंबर २०२४च्या राजीव रतुडी निकालात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी असू शकत नाहीत, काही किमान गोष्टी सक्तीच्याच हव्यात, असे सांगून २०१७च्या नियमावलीतील पंधरावा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. या निकालाचा आधार असलेला अहवाल हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील अपंगत्व अभ्यास केंद्राने तयार केला होता. त्याच्या शीर्षकाचा अर्थ साधारणतः ‘सर्वांच्या मापाचे शोधताना’ असा होतो. ते शीर्षक वाचताना मला पंक्चरवाल्याची आठवण आली.

आमच्या सेवेतील लोकांना हे पटवणे मात्र कठीण आहे. जुलै २०२४मध्ये पुण्यातील एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून वादळ उठले. त्या गदारोळात तेलंगणातील एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्यांनी, अखिल भारतीय सेवांत अपंगांसाठी राखीव जागा हव्यातच कशाला, असा जाहीर सवाल केला. मुद्दा असा की क्षेत्रीय काम दगदगीचे असते. मी पस्तीस वर्षे ते काम केले आहे. दगदग असते, हे खरे. पण माझ्या दगदगीसाठी सरकारने मला गाडी, चालक, शिपाई, स्वीय सहायक, बंगला आणि दूरध्वनी दिला होता, आणि या गोष्टींना कोणी कधी सवलत म्हटले नाही. दृष्टिहीन अधिकाऱ्याला एक वाचक दिला की ती सवलत होते. एकाने खोटे प्रमाणपत्र दिल्याचा आरोप झाला की ज्यांची प्रमाणपत्रे खरी आहेत त्यांनी पुन्हा स्वतःला सिद्ध करावे, ही अपेक्षाही विलक्षण आहे. खोटी जन्मतारीख लावणाऱ्यांमुळे आपण वयाचे दाखले बंद केले नाहीत.

उलट टोकाची अडचण कौतुकाची. उत्तर प्रदेश केडरचे सुहास यतिराज यांनी टोकियो आणि पॅरिस या दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये बॅडमिंटनचे रौप्यपदक मिळवले, तेव्हा लखनऊच्या अधिकारी वर्तुळात अभिमानाचे भरते आले. माझ्याही मनात आले. ते त्यांच्या खेळाचे चीज आहे. पण ज्या कार्यालयात त्यांचे अभिनंदन करणारे ठराव झाले असतील, त्यातील किती कार्यालयांत कुबडी घेऊन चालणारा लिपिक दुसऱ्या मजल्यावरील प्रसाधनगृहापर्यंत विनासायास पोहोचतो? पदक मिळवणाऱ्याला सलाम करायला काही मोजावे लागत नाही. लिपिकासाठी प्रसाधनगृह खाली आणावे लागते.

लखनऊमध्ये चांगलेही पाहण्याजोगे आहे. मोहान रस्त्यावरील डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठात निम्म्या जागा अपंग विद्यार्थ्यांसाठी आहेत आणि बाकीचे विद्यार्थी त्यांच्याच वर्गांत बसतात. तेथील आवारात दोन मुले खाणाखुणांच्या भाषेत भांडताना मी पाहिली, आणि त्यांतील बधिर कोण हे मला अखेरपर्यंत कळले नाही. गोमतीनगरात आम्लहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया चालवतात ते ‘शीरोज’ उपाहारगृह २०१६पासून आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मागणी नोंदवताना सारा वेळ खाद्यसूचीकडे पाहत राहिलो. मागणी घेणारी मुलगी हसून म्हणाली, वर पाहिलेत तरी चालेल, मी चावत नाही. टक लावून पाहणे वाईट, हे आपल्याला शिकवलेले असते. पाहण्याचे टाळणे त्याहून फारसे बरे नाही, हे मला सत्तरीकडे झुकताना शिकावे लागले. मेट्रोच्या स्थानकांत पिवळ्या, उंचवट्याच्या फरशा आहेत, लिफ्ट आहेत. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की त्या संपतात आणि ई-रिक्षांची रांग सुरू होते.

सध्या माझ्यापुढे असलेला प्रश्न याहून लहान आहे. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. गेल्या दोन वर्षांपासून त्या व्हीलचेअर वापरतात. सोसायटीने मोठ्या उत्साहाने त्यांच्यासाठी उतार बांधला. मी समितीत होतो. जोते अडीच फूट उंच, उतार आठ फूट लांब. उद्घाटनाला त्यांना पुष्पगुच्छ दिला, छायाचित्र काढले. उतार इतका खडा झाला की त्यावरून त्यांना कोणी ढकलल्याखेरीज चढता येत नाही आणि उतरताना खुर्ची हातातून सुटेल अशी भीती वाटते. त्यांना बांधण्यापूर्वी कोणी विचारले नव्हते. होय, पुन्हा.

त्यांनी समितीला पत्र लिहिले आहे. सरकारी मार्गदर्शक प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे अडीच फुटांना तीस फूट लांबी लागेल. मध्ये विसाव्याची सपाट जागा वेगळी. पत्रासोबत त्यांनी स्वतः काढलेला नकाशा आहे, सुबक आणि मापांसह. आयुष्यभर गणित शिकवले आहे त्यांनी. त्या नकाशाप्रमाणे उतार वळवून घ्यायचा तर आवारातील गाड्या उभ्या करण्याच्या दोन जागा जातात. त्यांतील एक सोसायटीच्या सचिवांची आहे. त्यांचे म्हणणे असे की बाईंना बाहेर जायचे असेल तेव्हा रखवालदार ढकलायला आहेच, शिवाय आम्ही सारे शेजारी कशासाठी आहोत? बैठकीत हे वाक्य ऐकून अनेकांनी माना डोलावल्या. त्यात आपुलकी होती, हे मी नाकारत नाही.

दुसरी जागा माझ्या गाडीची आहे. ती गेली तर गाडी पलीकडच्या गल्लीत लावावी लागेल आणि माझ्या गुडघ्यांना ते अंतर आता कमी वाटत नाही. पत्र येऊन तीन आठवडे झाले. निर्णयासाठी सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे, आणि या वेळी ती गच्चीवर न घेता तळमजल्यावर, बाईंच्या दारासमोर घ्यावी अशी सूचना मी काल लेखी दिली. जागेविषयीचे पत्र अजून माझ्या टेबलावर आहे. सही करायची आहे.